एकतीस फोटो जाता जात नाहीत

साहेब, तुमचा कागद खोटं बोलतो. सहीसकट, शिक्क्यासकट खोटं बोलतो. जिथे चूल पेटते, पोर रांगते, दोरीवर कपडे वाळतात, तिथे त्याने 'जागा मोकळी' असं लिहिलंय. आणि तो कागद उघडा पडणार असं दिसल्यावर कुणीतरी एका बासष्ट वर्षांच्या बाईच्या फोनात हात घातला आणि पुरावा खोडला. कुणी खोडला आणि तो कसा सापडला, हे सगळं सांगते. खुर्चीत नीट बसा. पंख्याचा आवाज कमी करा.

१

मी मनिषा. करंजाड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सहा बाय आठचं. गुरुवारी सकाळी शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात भामाबाई घरत खालून वाकून आत आल्या. चिंचखारच्या. माझ्या जुन्या गिऱ्हाईक.

"बाय, ह्या फोनाला काय झालंय ता बघ. नवीन फोटू ठरत नाय, जुने जात नाय."

"जात नाय म्हणजे?"

"ती गुड मॉर्निंगची फुला मी चार येला पुसली. दोन दिसांनी परत हजर. जावई बरा, तो सणाला तरी येतो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. तुमच्या कचेरीची नोटीस. 'दि. १० फेब्रुवारी २०२३ रोजीच्या मोजणीनुसार सदर जागा मोकळी. बांधकाम त्यानंतरचे, सबब अनधिकृत. पुराव्यासह शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सुनावणीस हजर राहावे, अन्यथा बांधकाम पाडण्यात येईल.' मागे मोजणीचा नकाशा टाचलेला. खाली बारीक अक्षरात: मोजणीदार सत्यजीत, यंत्र क्रमांक ७.

"शुक्रवार म्हणजे उद्याच की, मावशी!"

"उद्याच. घर त्याच्या आदीपासून हाय, सगल्या गावाला म्हायती हाय. पन गावाची साक्ष चालत नाय बोलतान. मीटर जुन्या घरात, घरपट्टी जुन्या घराची. माज्या पोराची, भावेशची हलद ह्या घरात झाली, त्याचे फोटू मी काढले. तोच माजा पुरावा. आनि आज सकाली बघतय तर हलदीचे फोटूच कमी झाल्यान."

दुरुस्तीला आलेल्या फोनला हात लावण्याआधी आतल्या सगळ्या फोटोंची यादी कॉम्प्युटरवर काढून ठेवायची, हा माझा नियम आहे. नाहीतर गिऱ्हाईक नंतर म्हणतं, माझे फोटो तुम्हीच उडवलेत. यादीत फोटो होते चारशे बारा. कचरापेटी बघितली, तीही कुणीतरी साफ केलेली. मग फोन बंद केला, चालू केला, पुन्हा यादी काढली.

चारशे त्रेचाळीस.

एकतीस फोटो परत आले होते. भामाबाईंनी हात जोडले आणि एकवीरा आईचं नाव घेतलं. मी मात्र हात जोडले नाहीत. परत यायला आधी ते जावे लागतात, आणि कचरापेटी आपोआप रिकामी होत नाही.

२

ह्यात देवीचा हात नव्हता. मेमरी कार्डाचा होता.

कार्ड म्हातारं झालं की कधी कधी स्वतःला आतून कुलूप लावून घेतं. आतलं बघू देतं. नवीन लिहू देत नाही, जुनं पुसू देत नाही. फोन बिचारा भोळा. तुम्ही म्हणालात खोड, की तो म्हणतो खोडलं, आणि फोटो नजरेआड करतो. बंद करून चालू केला की तो कार्ड पुन्हा वाचतो, आणि सगळं जागच्या जागी. चिडून लोक फोन आपटतात. दुरुस्ती एवढीच की आतलं सगळं उतरवून घ्यायचं आणि कार्ड बदलायचं.

मी सगळं उतरवून घेतलं. कार्डावरचा शेवटचा फोटो जून २०२३ चा होता, वाळत घातलेल्या जवळ्याचा. त्यानंतर एकही नाही.

"आनि नातीच्या बारशाचे?"

मी मान हलवली. दोन वर्षं बाई फोटो काढत होत्या आणि कार्ड एकही ठेवून घेत नव्हतं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. नात हाय ना. घर रावलं पायजे."

घर राहायला पाहिजे. आणि ते उद्या अकरा वाजता ठरणार होतं.

"मावशी, फोन शेवटचा बंद कधी पडला?"

"मंगलवारी सांजचा. चार्जिंग संपली. मंग चालू केला आनि शेजारनींना हलदीचे फोटू दाखवले. तवा सगले व्हते. त्याच्यानंतर बंद केलाच नाय."

म्हणजे खोडणारा मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ, एवढ्याच वेळातला. मी विचारलं, ह्या वेळात फोन कुणाकुणाच्या हातात गेला?

त्यांनी बोटांवर मोजलं. बुधवारी सकाळी सून भाविका. भावेशशी भांडून तीन महिने माहेरी बेलपाड्याला आहे. कपडे न्यायला आली आणि आईला फोन लावते म्हणून तिने हा घेतला. मग पुतण्या दीपेश, जमिनीचा एजंट. कचेरीत सोडायला तो गाडी घेऊन आला आणि वाटेत फोन त्याच्याकडेच होता. मग कचेरी. आत जाताना फोन खिडकीवरच्या ट्रेमध्ये ठेवायला लावला.

"पन तितं ढीगभर फोन व्हते. कोन कुनाचा बघतंय! आत पाऊन तास बसवला. सायबाची खुर्ची रिकामीच. मंग बोलले, शुक्रवारी या."

"फोनला लॉक?"

"कुलूप कशाला? माज्या फोनात काय सोना हाय?"

होतं, साहेब. सोन्यापेक्षा पिवळं होतं.

३

दुकान बंद केलं, स्कूटर काढली आणि बेलपाड्याला गेले. भाविका मुलीला भरवत होती. मी आडपडदा ठेवला नाही.

"सासूच्या फोनातले फोटो तू खोडलेस?"

"मी?" चमचा हवेतच राहिला. "कुठले?"

मी माझ्या टॅबवर ते एकतीस दाखवले. नवरदेव भावेश पिवळाधमक, बायका, बेंजो, नाचणारी गर्दी. तिने बोटाने सरकवत सगळे बघितले आणि एकदम हसत सुटली.

"ताई, ही त्यांची हळद. मी ह्यात असेन कशी? त्या दिवशी मी इथे, माझ्या हळदीत. सासरी दुसऱ्या दिवशी गेले, लग्न लागल्यावर."

"नवऱ्यावर राग आहे ना तुझा?"

"आहेच. पण मला खोडायचं असतं तर मी काय खोडलं असतं, सांगू? गृहप्रवेशाचे फोटो! रडून नाक लाल, काजळ गालावर, माप ओलांडताना तोंड असं वाकडं. आई ते येईल त्याला दाखवतात. मी हात जोडून सांगते, दाखवू नका. ते आहेत का अजून?"

यादीत बघितलं. सतराच्या सतरा जागेवर. गुरुवारी सकाळी कमी झालेल्या यादीतही ते होते. कुणी हात लावला नव्हता.

"आहेत."

"बघा!" ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "ताई, खरंच पाडणार घर?"

"तुला काय त्याचं? तू तर सोडून आलीस."

"नवऱ्याला सोडलंय," ती फणकारली. "घराला कुठे सोडलंय?"

भाविका सुटली. राहिले दोन. आणि त्यातल्या एकाला तर ते घर पडलेलंच हवं होतं.

४

दीपेश जुन्या पनवेलात, आपल्या ऑफिसबाहेर गाडीला टेकून उभा होता. गळ्यात साखळी, कानात ब्लूटूथ.

"या ताई. काकीने पाठवलं? मला समजलंय, माझ्यावरच येणार सगळं."

"काकीचं घर पडलं तर ती जागा तू बिल्डरला दाखवशील. खोटं आहे?"

"खोटं नाय." त्याने लाजही धरली नाही. "दाखवीन. धंदा हाय. पण फोटो मी खोडले नाय. मला पुरावा उडवायचा असता तर एक एक फोटो वेचत बसलो असतो? फोन गाढी नदीत टाकला असता आणि बोललो असतो, काकी, पडला."

मी यादी पुन्हा बघितली. तो उर्मट होता, पण मुद्दा बरोबर होता. आमच्याकडे लग्नघराची भिंत रंगवतात. केळीचे खांब, कलश, हत्ती, मधोमध नवरा-नवरीचं नाव आणि तारीख. भामाबाईंच्या घराची रंगवलेली भिंत नऊ फोटोंत अख्खी दिसत होती: 'शुभविवाह, शनिवार दि. ११ फेब्रुवारी २०२३'. घर तेव्हा होतं ह्याचा त्याहून मोठा पुरावा नाही. ज्याला घर पाडायचंय तो पहिले हे नऊ उडवील. ह्या नऊपैकी एकालाही धक्का लागला नव्हता.

म्हणजे खोडणाऱ्याला नवरीशी देणंघेणं नव्हतं आणि भिंतीशीही नव्हतं. मग कशाशी होतं?

"दीपेश, हे एकतीस नीट बघ. हा कोण रे?"

बऱ्याच फोटोंत एक शिडशिडीत माणूस होता. तोंडाला, केसांना, शर्टाला हळदच हळद. एकात बेंजोवाल्यापुढे बसकण मारून नाचतोय, एकात पंगतीत वडे खातोय, एकात भावेशच्या काकाला खांद्यावर घेतोय.

"हा? हा भाविकाकडचा पाहुणा. काय नाचला! दोनदा पंगतीला बसला."

"भाविकाकडचे हळदीला इथे कसे येतील? त्यांची हळद बेलपाड्याला होती."

दीपेशने ब्लूटूथ काढला. "आयला," तो म्हणाला. "मग हा कोणाचा?"

मी तिथूनच भावेशच्या फोनवर भामाबाईंना गाठलं आणि बेंजोपुढे नाचणारा तो शिडशिडीत माणूस कोण, ते विचारलं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "तो? तो आपल्या दीपेशचा दोस्त."

५

दुपारी दुकानात बसून मी एकतीस फोटो ओळीने लावले. भामाबाई समोर स्टुलावर बसल्या होत्या.

तीस फोटोंत तो पिवळा पाहुणा होता. कधी मधोमध, कधी कोपऱ्यात अर्धा कान. हे जमत होतं. माणसाने स्वतःला पुसलं होतं. पण एकतिसावा फोटो सगळं बिघडवत होता. त्यात माणूसच नव्हता. नवरदेव नाही, पाहुणा नाही, भिंत नाही. नुसता ओसरीचा कोपरा, आणि तिथे तीन पिवळे पाय.

लाकडी पाय. वरून खालपर्यंत हळद फासलेले, मधे कुंकवाचं बोट.

"मावशी, हे काय आहे?"

"ती दुर्बीन न्हाय का मोजनीवाल्याची! सकाली तो आला, बोलला ऊन हाय, जरा ओसरीवर ठेवतय. टोपीवाला मानूस."

"आणि हळद कुणी लावली?"

"मी!" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "हलदीच्या दिसाला दारात आलेल्या वस्तूला हलद लागत्ये. जात्याला लागत्ये, मुसलाला लागत्ये, भावेशच्या मोटारसायकलीला लागली. दुर्बिनीने काय पाप केलान? फोटू पन काढला, बाय दिसत व्हती ती."

"आणि टोपीवाला गेला कधी?"

"जाताना नाय बगितला. गर्दी व्हती."

मी फोटो मोठा केला. हळदीखाली, पायांच्या वरच्या जोडावर पत्र्याची छोटी पट्टी होती. भामाबाईंच्या बोटाने तिथली हळद जरा पुसली गेली होती. पट्टीवर तुमच्या कचेरीचं नाव आणि एक आकडा.

सात.

मी नोटिशीमागचा नकाशा उघडला. यंत्र क्रमांक ७. मोजणीची तारीख १० फेब्रुवारी. भिंतीवर लग्न ११ तारखेचं. हळद आदल्या दिवशी.

टोपीवाला जाताना कुणाला दिसला नाही, कारण तो गेलाच नव्हता. टोपी काढून, पिवळा होऊन तो मांडवात नाचत होता. दीपेशला वाटलं नवरीकडचा, भामाबाईंना वाटलं दीपेशचा. हळदीत कोण कुणाला विचारतं? हळद लागली की माणूस घरचा.

"मावशी, बुधवारी कचेरीत ट्रेच्या खिडकीवर कोण बसलं होतं?"

"शिडशिडीत पोरगा. फोन घेताना विचारत व्हता, आजी, पुरावा काय आनलाव? मी बोलले, भावेशच्या हलदीचे फोटू हायत. त्याने फोन पटकन ओढून घेतला."

६

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी अधिकारी वसुंधरा मॅडमसमोर आम्ही उभ्या राहिलो. मॅडमच्या डाव्या बाजूला फायली घेऊन तुमचा मोजणीदार सत्यजीत होता. बुधवारी ट्रेच्या खिडकीवर बसलेला तोच. शिडशिडीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट.

मी फोन टेबलावर ठेवला. सत्यजीतच आधी बोलला, "मॅडम, मोबाईलचे फोटो ग्राह्य धरू नयेत. कोणीही बनवून टाकतं. ही बाई तर मोबाईलवालीच आहे."

"मॅडम," मी म्हणाले, "तुम्ही स्वतः ह्यातला कुठलाही एक फोटो खोडा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग फुलांचा एक फोटो खोडला. मी म्हणाले, बंद करा, चालू करा. फोन चालू झाला. फुलं हजर.

"आता एक फोटो काढा."

त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटचा काढला. बंद, चालू. पेपरवेट गायब.

"हे कार्ड काही घेत नाही आणि काही सोडत नाही," मी म्हणाले. "शेवटचा फोटो त्याने घेतला जून तेवीसमध्ये. नोटीस आलीय ह्या महिन्यात. मी नोटीस बघून फोटो बनवले असतील, तर ते ह्या कार्डात घातले कसे? ज्याने बुधवारी एकतीस खोडले त्याला हे माहीत नव्हतं. त्याने कचरापेटीसुद्धा साफ केली. कार्डाने त्याला जुमानलं नाही."

"फोनची तारीख मागे करता येते," सत्यजीत म्हणाला.

"येते की. सोडा फोनची तारीख. हा फोटो बघा." मी तीन पिवळे पाय समोर सरकवले. "यंत्र क्रमांक सात. तुमच्याच नकाशावर लिहिलंय, दहा फेब्रुवारीला हे यंत्र चिंचखारला होतं. हे उभं आहे ते भामाबाईंच्या ओसरीवर. आणि हा..." मी नाचणारा पाहुणा ठेवला.

मॅडमनी फोटो बघितला. मग मान वर करून सत्यजीतकडे बघितलं. मग पुन्हा फोटो. हळदीखालचा माणूस ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्याला त्या रोज बघतात.

"मी नव्हतो तिथे," सत्यजीत म्हणाला.

ह्याच वाक्याची मी वाट बघत होते, साहेब.

"नीट विचार करून बोला. त्या दिवशी तिथे होतात म्हणालात, तर तुम्ही ज्या ओसरीवर जेवलात ते घर होतं. नव्हतात म्हणालात, तर मोजणी न करता तुम्ही नकाशावर सही केलीत. दोन्हीतलं एक निवडा. घर दोन्हीकडून उभं राहतंय."

तो पुटपुटला, "ऊन फार होतं. ह्यांनी आग्रह केला, दिवेलागणीपर्यंत मांडवातच राहिलो. जुना नकाशा हातात होता, त्यावरूनच... एका दिवसाचा प्रश्न होता."

लाच नाही, दुश्मनी नाही. निव्वळ आळस! त्या आळसाला झाकायला चोरी.

भामाबाई पुढे झाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पोरा, माज्या दारात दोनदा जेवलास. आनि लिवलास का दारच नाय?"

मॅडमनी पेन उचललं आणि आमच्यासमोर लिहिलं: नोटीस रद्द. बांधकाम मोजणीपूर्वीचे. सही केली, शिक्का मारला, आणि कागद सत्यजीतच्या हातून न देता स्वतः उठून भामाबाईंच्या हातात दिला.

बाहेर अर्धं चिंचखार उभं होतं. भाविका मुलीला कडेवर घेऊन आली होती, भावेशपासून चार हात लांब उभी. भामाबाईंनी कागद डोक्यावर धरला आणि बायकांनी तुमच्या गेटवर असा गलका केला की आतले बाबू खिडक्यांत आले. दीपेशनेही टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे बघितलं, तर म्हणाला, "धंदा येगला, काकी येगली." भाविका पुढे येऊन सासूला म्हणाली, "आई, आता तरी ते रडके फोटो काढून टाका." सासू म्हणाली, "त्यासाठी घरी ये आनि सोताच्या हाताने काढ." ती सासूबरोबर दीपेशच्या गाडीत बसून गेली.

आम्ही जिंकलो, साहेब. पण तुमच्याशी माझं बोलणं संपलेलं नाही.

त्याच तारखेचा तो नकाशा मी नंतर अख्खा बघितला. चिंचखारच्या त्या रांगेत आणखी सव्वीस ठिकाणी 'जागा मोकळी' लिहिलंय. तोच दिवस, तेच यंत्र, तीच सही. सव्वीस घरांना त्याच शब्दांत नोटिसा गेल्यात. मॅडम म्हणाल्या, ते माझ्या अधिकारात नाही, वरच्यांना लिहा. वरचे तुम्ही. मी लिहिलं. तीन आठवडे झाले. सत्यजीत अजून त्याच खिडकीवर बसतो, आणि लोकांचे फोन अजून त्याच्याच ट्रेमध्ये पडतात.

त्या सव्वीस घरांकडे असे खोडून न जाणारे फोटो नाहीत. तिथे हळद नव्हती, बेंजो नव्हता. पण मला एक सांगा. दहा फेब्रुवारीला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुमचा मोजणीदार भामाबाईंच्या मांडवात होता, हे त्याने मॅडमसमोर कबूल केलंय. यंत्र ओसरीवर होतं. मग त्या दिवशी त्या सव्वीस जागा मोजल्या कुणी?

नाव सांगा, साहेब. लेखी सांगा.